नावाचे महाविद्यालय नको, मिलिंदाचे महाविद्यालय हवे

घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात काही कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली. त्या निमित्ताने भरलेल्या सभेस आम्ही गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, भाषणे झाली आणि मंडळी उठू लागली, तेव्हा एका मातेने आम्हांस बाजूस बोलावून विचारले, "पोराचं नाव कालेजात टाकलं जी. पण परीक्षेपुरतं गेलं तरी चालते म्हणतात. मंग रोज कायले पाठवाचं? वावरात गेलं तं रोजीचा पैसा तरी येते."

त्या मातेचा आम्हांस राग आला नाही. घरात दोन वेळची चूल पेटविण्याची जबाबदारी जिच्यावर आहे, तिने रोजीचा हिशेब करू नये असे कोण म्हणेल? आम्हांस राग आला तो तिला 'परीक्षेपुरते चालते' असे सांगणाऱ्याचा. सांगणारा अडाणी नव्हता. तो पदवीधर होता, आणि दुर्दैवाची गोष्ट ही की तो आपल्याच समाजातला होता. ज्या दारात उभे राहण्यासाठी आमच्या पूर्वजांच्या पिढ्यान्‌पिढ्या खपल्या, त्या दाराशी आता आमचाच सुशिक्षित मनुष्य उभा राहून आमच्या मुलास 'आत येण्याची गरज नाही, बाहेरूनच कागद घेऊन जा' असे सांगतो. हा उपदेश विषासारखा आहे, आणि त्याचा समाचार घेणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम हे दार आपल्यासाठी केव्हा आणि कसे उघडले ते पाहू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला. वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापूस गाठी बांधून विलायतेस जाऊ लागला, त्यासाठी रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. परंतु उच्च शिक्षण मात्र सावकाश आले. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले. वऱ्हाडास आपले महाविद्यालय मिळण्यास १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले आणि त्याच वर्षी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. परंतु महाविद्यालय गावात येणे निराळे आणि ते आपल्या आवाक्यात येणे निराळे. यवतमाळ जिल्ह्यातील ज्या माणसास शाळेच्या ओट्याखाली बसावे लागे, त्यास अमरावती काय आणि नागपूर काय, दोन्ही सारखीच दूर होती. फी कोण देणार? राहावयास खोली कोण देणार? खानावळीत ताट कोण वाढणार?

या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही दानशूर शेठजीने दिली नाहीत. ती परमपूज्य बाबासाहेबांनी दिली. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मध्यवर्ती सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा कचेरीत कारकुनी करणाऱ्या तरुणास शिकता यावे म्हणून तेथील वर्ग भल्या सकाळी भरत. महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या पोटाची वेळ पाहून आपली वेळ ठरविली, असे त्या काळी किती ठिकाणी घडले असेल याचा वाचकांनीच विचार करावा. आणि तरीही बाबासाहेबांनी 'गरिबाचे महाविद्यालय आहे, कसेही चालेल' असे म्हटले नाही. पहिले प्राचार्य म्हणून त्यांनी अ. बा. गजेंद्रगडकर यांच्यासारखा संस्कृतचा नामांकित पंडित आणला. विद्यार्थ्यांची संसद भरू लागली आणि त्या संसदेत स्वतः बाबासाहेब बोलण्यास उभे राहिले. पुढे स्वतःच्या पुस्तकांचा मोठा संग्रह त्यांनी त्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयास दिला. ज्या पुस्तकांसाठी त्यांनी पोटास चिमटा घेतला होता, ती पुस्तके त्यांनी कोणाच्या हाती ठेवली, हे आम्ही विसरता कामा नये.

आता पैनगंगेच्या पलीकडे पाहू. आपल्या उमरखेड तालुक्यातील मनुष्य नदी ओलांडून हदगावकडे गेला की मराठवाड्यात शिरतो. बोली थोडी बदलते, पण माणसाचे दुःख तेच. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, आणि त्याची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या गरिबाच्या मुलास उच्च शिक्षण म्हणजे परमुलखीची गोष्ट होती, आणि अस्पृश्याच्या मुलास तर ती स्वप्नातही येत नसे. मराठवाडा स्वतंत्र होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, जून १९५० मध्ये, बाबासाहेबांनी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी तेथील गोरगरिबांस बाबासाहेबांनी महाविद्यालय दिले होते.

त्या महाविद्यालयास त्यांनी 'मिलिंद' हे नाव दिले आणि परिसरास 'नागसेनवन'. ही नावे सहज सुचली म्हणून ठेवलेली नाहीत. नवदीक्षित कुटुंबांनी ही गोष्ट आपल्या मुलांस अवश्य सांगावी. मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा. सागल नगरीत त्याचे राज्य होते. त्यास वादविवादाची मोठी हौस होती आणि त्याच्या प्रश्नांपुढे भले भले निरुत्तर होत. अशा राजापुढे भदंत नागसेन आले. राजाने वादास आव्हान दिले, तेव्हा नागसेनांनी आधी एक अट घातली. पंडित वाद करतात तसा वाद करणार असशील तर मी तयार आहे, राजे करतात तसा करणार असशील तर नाही. राजाने दोहोंतला फरक विचारला. नागसेनांच्या सांगण्याचा आशय असा: पंडितांच्या वादात एकजण दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढतो, चूक दाखवितो, स्वतःची चूक कबूल करतो आणि कोणी कोणावर रागावत नाही, राजांच्या वादात राजा एक मत मांडतो आणि जो ते मानीत नाही त्यास शिक्षा फर्मावतो. राजाने पंडितांची पद्धत मान्य केली, म्हणूनच पुढचा संवाद होऊ शकला.

बाबासाहेबांनी महाविद्यालयास राजाचे नाव दिले, पण कोणत्या राजाचे? सिंहासनावरून खाली उतरून प्रश्न विचारणाऱ्या, आणि उत्तर पटले तर ते स्वीकारणाऱ्या राजाचे. ज्या समाजास हजारो वर्षे प्रश्न विचारण्याची बंदी होती, त्याच्या मुलांस त्यांनी जणू सांगितले की, तुम्ही येथे मिलिंद व्हा. विचारा. शिक्षकास विचारा, ग्रंथास विचारा, रूढीस विचारा, मलाही विचारा. आमच्या मते महाविद्यालयाची याहून नेमकी व्याख्या आजवर कोणी केलेली नाही.

राजांचा वाद संपला असे मात्र कोणी समजू नये. तो आम्ही आपल्या यवतमाळातच पाहिला आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना सन्मानाने निमंत्रण दिले होते. संमेलन उधळण्याची धमकी आली आणि आयोजकांनी ते निमंत्रण मागे घेतले. पुढे या जिल्ह्यातील एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते उद्घाटन झाले आणि त्या माउलीने निर्भयपणे आपले दुःख मांडले, ही गोष्ट यवतमाळास भूषणावह आहे. परंतु बोलावलेल्या पाहुणीचे बोलणे ऐकण्यापूर्वीच तिला येऊ नका म्हणणे, हा राजवादच होय. जेथे साहित्याच्या मंडपात असे घडते, तेथे महाविद्यालयाच्या वर्गात प्रश्न विचारणारा मुलगा किती एकटा पडत असेल?

आता 'मिलिंद'मध्ये शिकणे म्हणजे काय होते ते पाहू. तेथे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते रंगभूमीवर आणले आणि स्वतः बाबासाहेबांनी ते पाहिले. चिटणीस जन्माने अस्पृश्य नव्हते. गजेंद्रगडकरही नव्हते. शिक्षकाची जात न विचारता त्याची विद्या व निष्ठा विचारणारे महाविद्यालय अस्पृश्यांच्या नेत्याने काढावे, हा जातिव्यवस्थेस दिलेला सर्वांत सणसणीत जबाब होता. पुढे अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखडे तेथे प्राचार्य झाले. डॉ. गंगाधर पानतावणे तेथे प्राध्यापक होते. साठीच्या दशकाच्या अखेरीस या मंडळींच्या प्रयत्नांतून जे नियतकालिक निघाले ते पुढे 'अस्मितादर्श' म्हणून नावारूपास आले आणि दलित साहित्याचे व्यासपीठ बनले. हे दोघेही नागपूरकडचे. म्हणजे विदर्भाची माणसे मराठवाड्यात गेली आणि एका महाविद्यालयाच्या आवारातून त्यांनी मराठी साहित्याचे वळण बदलले.

अमरावती हा आपला शेजारचा जिल्हा. त्या जिल्ह्यातील एका लहान खेड्यात जन्मलेला मुलगा 'मिलिंद'मध्ये शिकण्यास गेला. त्याचे नाव सुखदेव थोरात. पुढे ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस कशी वागणूक मिळते याची चौकशी करणाऱ्या समितीचे नेतृत्व त्यांनी केले आणि २००७ साली तिचा अहवाल बाहेर आला. ज्या मुलाने नागसेनवनात प्रश्न विचारण्याचे शिक्षण घेतले, त्याने देशातील सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय संस्थेस प्रश्न विचारला. आता आम्ही त्या 'परीक्षेपुरते चालते' म्हणणाऱ्या गृहस्थांस विचारतो की, हा मुलगा परीक्षेपुरताच महाविद्यालयात गेला असता तर हे घडले असते काय?

कोणी म्हणेल, तो काळ निराळा होता. तेव्हा महाविद्यालये थोडी होती. आता ती तालुक्या-तालुक्यांत आहेत. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, जेथे जावे तेथे महाविद्यालय आहे. १९८३ साली अमरावतीस विद्यापीठ झाले, १९८९ साली यवतमाळास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. मग तक्रार कसली? ही गोष्ट आम्ही नाकारीत नाही आणि तिचे मोलही कमी लेखीत नाही. एके काळी जो मुलगा नागपूरपर्यंत पोहोचू शकत नव्हता, तो आज एस.टी.च्या पासावर पदवीधर होतो. परंतु संख्या वाढली म्हणजे वस्तू तीच राहिली असे होत नाही.

येथे पुन्हा नागसेनांचीच साक्ष काढू. रथावर बसून आलेल्या मिलिंदास त्यांनी विचारले की, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाही म्हणत गेला. शेवटी दोघांच्या संवादातून निष्पन्न झाले ते हे की, ही सर्व अंगे एकत्र जुळली म्हणजे त्या जुळणीस रथ हे नाव मिळते. अंगांवाचून रथ नावाची निराळी वस्तू नाही. हाच प्रश्न आपण महाविद्यालयाविषयी विचारू. इमारत म्हणजे महाविद्यालय काय? नाही. फाटकावरील कमान म्हणजे महाविद्यालय काय? नाही. हजेरीपटावरील नावे? गुणपत्रिका? स्नेहसंमेलनाचा मंडप? नाही, नाही, नाही. नियमित शिकविणारा शिक्षक, रोज येणारा विद्यार्थी, उघडे ग्रंथालय, चालती प्रयोगशाळा, राहण्यास वसतिगृह, वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक ही सर्व अंगे जुळली म्हणजे त्यास महाविद्यालय हे नाव शोभते.

आता एकेक अंग तपासू. शिक्षकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि त्या जागी तासिका तत्त्वावर तरुण माणसे राबविली जातात. तासामागे पैसे, सुट्टीत उपास. या राबणाऱ्यांत नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली आमचीच मुले पुष्कळ आहेत. ज्याला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो विद्यार्थ्यास निर्भयपणे विचार करण्यास कसा शिकवील? ग्रंथालये आहेत, पण कित्येक ठिकाणी ग्रंथपालाची जागा रिकामी आहे आणि कपाटांस कुलूप आहे. प्रयोगशाळेतील काम वहीत उतरवून घेतले जाते. शिष्यवृत्तीची रक्कम परीक्षा संपल्यावर हाती पडते. ती आली नाही म्हणून काही ठिकाणी विद्यार्थ्याची गुणपत्रिका अडकविली जाते. चाक नाही, आस नाही, जू नाही, आणि दारावर पाटी मात्र 'रथ' अशी! या पाटीवर समाधान मानण्यास सांगणारा मनुष्य आमचा हितकर्ता असू शकत नाही.

दुसरा आक्षेप असा घेतात की, गरिबास पदवीचा कागद मिळाला, नोकरीचा अर्ज करता आला, म्हणजे पुरे. ज्ञान वगैरे पोट भरल्यावर पाहू. हा युक्तिवाद दयाळू वाटतो, परंतु त्याच्या पोटात जुनी जातीची भावनाच दडलेली आहे. धनिकाच्या मुलास ज्ञान हवे आणि आमच्या मुलास कागद पुरे, हे कोणी ठरविले? पूर्वी म्हणत, शूद्राने वेद ऐकू नये. आता म्हणतात, त्याने वर्गात बसले नाही तरी चालेल. आम्हांस या दोन वाक्यांत फारसे अंतर दिसत नाही. पहिले बळजबरीने लादले होते. दुसरे आम्ही स्वतःहून डोक्यावर घेत आहोत, एवढाच काय तो फरक. शिवाय हा कागदही आता पोट भरीत नाही. स्पर्धा परीक्षेत, मुलाखतीत, न्यायालयात, कचेरीत कागद बोलत नाही, माणसास बोलावे लागते. पदवी घेऊन ज्यास तहसीलदाराकडे साधा अर्ज लिहिता येत नाही, अशा मुलाची पदवी घरच्या पेटीत राहते आणि मुलगा पुन्हा दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचतो.

हक्कांविषयीही दोन शब्द नवदीक्षित कुटुंबांस सांगणे अगत्याचे आहे, कारण येथे अज्ञानामुळे फार नुकसान होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपल्या लोकांनी धम्म स्वीकारला, तेव्हा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूंव्यतिरिक्त इतर धर्मीयांस अनुसूचित जातींत धरले जात नव्हते. शिखांचा समावेश १९५६ साली झाला. म्हणजे बौद्ध झालेल्या मनुष्याच्या मध्यवर्ती सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांस आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या. पण केंद्राचे दार बंदच राहिले. ते उघडण्यासाठी १९९० साल उजाडले. त्या वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातीचे हक्क दिले. मधल्या ३४ वर्षांत ज्यांनी सवलत गेली तरी चालेल पण 'बौद्ध' हा शब्द खोडणार नाही असे म्हटले, त्यांच्या त्यागावर आज आपण उभे आहोत.

एवढे असूनही आजही कोणी सांगतो की, प्रवेशाच्या अर्जावर 'बौद्ध' लिहू नका, शिष्यवृत्ती जाईल. अनुसूचित जातीतून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हे साफ खोटे आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहावे आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांसाठी जे निराळ्या नमुन्यातील प्रमाणपत्र आहे ते उपविभागीय अधिकाऱ्याकडून घ्यावे. जात पडताळणीचा अर्ज बारावीचा निकाल लागण्याची वाट न पाहता आधीच करावा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर घरी परतू नये; अशा विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची 'स्वाधार' योजना आहे आणि भोजन-निवासाची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. पण तीत हजेरीची अट आहे, हेही ध्यानात ठेवावे. 'परीक्षेपुरते चालते' म्हणणाऱ्याचे ऐकून घरी बसलेला मुलगा या हक्कास मुकतो. रोजी मिळविण्यासाठी त्याने वर्ग बुडविला आणि वर्ग बुडविला म्हणून त्याची रक्कम बुडाली, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

दुसऱ्यांचे दोष दाखविले, आता आपल्या पदरातील निखाऱ्याकडेही पाहू. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. पुढच्या वर्षी विदर्भातून लाँग मार्च निघाला. सोळा वर्षे लढा चालला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या लढ्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु आम्ही आमच्याच लोकांस विचारतो की, विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे लढणारा समाज आपल्या तालुक्यातील महाविद्यालयात ग्रंथपाल नेमावा म्हणून सोळा दिवस तरी लढला आहे काय? बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या ताब्यासाठी आमच्याच पुढाऱ्यांत वाद व्हावेत आणि ते न्यायालयापर्यंत जावेत, याची आम्हांस लाज वाटत नाही काय? जयंतीला वर्गणी देताना हात सैल सोडणारे आम्ही विहारातल्या वाचनालयास एक पुस्तक देताना का आखडतो? बाबासाहेबांच्या मूर्तीच्या हातात पुस्तक आहे. आमच्या हातात काय आहे?

यास्तव आमचे सांगणे असे आहे. प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने आपला मुलगा व आपली मुलगी यांस महाविद्यालयात रोज पाठविण्याचा निश्चय करावा. मुलीस आधी पाठवावे, कारण रोजीच्या हिशेबात सर्वप्रथम तिचेच नाव कटते. आठवड्यातून एकदा आईबापांनी मुलास एवढेच विचारावे: या आठवड्यात तू वर्गात कोणता प्रश्न विचारलास? आईबाप निरक्षर असले तरी हा प्रश्न त्यांस विचारता येतो. गावातील विहारात संध्याकाळी दिवा आणि चार बाके असावीत आणि शिकून पुढे गेलेल्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे द्यावी. पालकांनी पाच-दहाजण मिळून वर्षातून दोनदा महाविद्यालयात जावे आणि प्राचार्यांस आदराने पण स्पष्टपणे विचारावे की, कोणत्या विषयास शिक्षक नाही, ग्रंथालय किती तास उघडे असते, शिष्यवृत्तीचे अर्ज कोठे अडले आहेत. उत्तर तोंडी न घेता लेखी मागावे आणि शासनाकडून हवे असल्यास माहितीच्या अधिकाराखाली घ्यावे. हे भांडण नव्हे. नागसेनांनी सांगितलेला हा पंडितांचा वाद आहे. पण जो शिक्षा फर्मावण्याच्या आवेशात उत्तर देईल, त्यास मात्र संघटितपणे जाब विचारावा.

त्या घाटंजीकडील मातेस आम्ही काय सांगितले? आम्ही म्हणालो, "बाई, वावरात गेला तर रोजीचा पैसा येतो हे खरे. पण तुमच्या सासऱ्याने, त्यांच्या बापाने जन्मभर तीच रोजी केली, तेव्हा वावर तुमचे झाले काय?" ती माउली थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मुलास हाक मारली आणि आमच्यासमोरच त्यास म्हणाली, "उद्यापासून जाय. अन् काय शिकवलं ते मले येऊन सांग."

त्या एका वाक्यात तिने महाविद्यालयाची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. प्रत्येक घरात असे एक विचारणारे माणूस निर्माण झाले म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या पाट्या बदलाव्या लागणार नाहीत. त्या पाट्यांखाली जे नाही ते आणावे लागेल. बाबासाहेबांनी आम्हांस मिलिंदाचे नाव दिले. मिलिंदाचे काम करणे आता आमच्याकडे आहे.

जय भीम.